सरगमवरून गिटारची कॉर्ड कशी बांधायची

सांगली-मिरजेकडे गिटार हातात घेणाऱ्या बऱ्याच जणांचा कान आधीच तयार असतो. कुणी शाळेत असताना पेटी शिकलेलं असतं, कुणी भजनी मंडळात बसलेलं असतं, कुणाच्या घरी आई-आजी गाणारी असते. पण गिटारच्या पहिल्याच आठवड्यात हातात एक छापील तक्ता पडतो. सी अशी धरा, जी अशी धरा, एफ जमत नसेल तर सोडून द्या. बोटं दुखतात, आवाजही निघतो, पण त्या आकारात कोणते स्वर आहेत हे कुणी सांगत नाही. मग गणपतीत गायक म्हणतो, "माझी काळी चार," म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा त्याचा सा, आणि तक्त्यात ते पान नसतं.

मी पेटीकडून गिटारकडे आलो. त्या वाटेवर जे हाताशी असायला हवं होतं ते इथे क्रमाने मांडतो आहे. तुम्हाला सरगम येत असेल तर कॉर्ड समजायला लागणारी निम्म्याहून जास्त सामग्री तुमच्याकडे आहे. सरगम येत नसेल तरी हरकत नाही, फक्त पहिल्या दोन पायऱ्यांवर जरा जास्त दिवस थांबा.

काय काय लागेल

- सहा तारांची साधी अकूस्टिक गिटार. तारा फ्रेटबोर्डपासून फार उंच असतील तर दुकानातच खाली करून घ्या, नाहीतर दोष बोटांचा वाटत राहतो.
- पेटी. घरी नसेल तर मोबाइलवरचं पेटीचं किंवा पियानोचं अॅप चालेल.
- ट्यूनर, तारा सुरात आहेत का ते दाखवणारा. मोबाइलवरचा पुरतो.
- कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एका फ्रेटवर एकदम दाबून धरणारा चिमटा. याचं काम शेवटच्या पायरीत आहे.
- चौकटीची वही आणि पेन्सिल. ही टाळू नका, बरंचसं शिकणं या वहीतच होतं.

१. सहा तारा पेटीवर शोधा

गिटारच्या मोकळ्या तारा जाडीकडून बारीककडे अशा लागतात: ई, ए, डी, जी, बी, ई. आपल्या पेटीच्या भाषेत, सी म्हणजे पांढरी १ धरून, पांढरी ३, पांढरी ६, पांढरी २, पांढरी ५, पांढरी ७ आणि पुन्हा पांढरी ३. पहिल्या आणि शेवटच्या ईमध्ये दोन सप्तकांचं अंतर आहे. क्रमांक मात्र उलटे मोजतात: सर्वांत बारीक तार पहिली, सर्वांत जाड सहावी.

फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूपट्ट्यांमधलं एकेक घर. एक फ्रेट पुढे म्हणजे पेटीवरची एक पट्टी पुढे, मग ती काळी असो वा पांढरी. गिटारवर काळं-पांढरं काही नसतं. पेटीवर पांढरी ३ आणि ४ यांच्यामध्ये काळी पट्टी नाही, तशीच पांढरी ७ आणि वरच्या १ च्या मध्येही नाही. त्यामुळे गिटारवर ई ते एफ आणि बी ते सी ही अंतरं एकाच फ्रेटची आहेत, बाकीच्या शेजारी अक्षरांमध्ये दोन फ्रेट. बाराव्या फ्रेटवर तार बरोबर निम्मी होते आणि वरच्या सप्तकातला तोच स्वर मिळतो.

आता वहीत फक्त दोन तारा लिहा. सहाव्या तारेवर: मोकळी ई, १ वर एफ, ३ वर जी, ५ वर ए, ७ वर बी, ८ वर सी, १० वर डी. पाचव्या तारेवर: मोकळी ए, २ वर बी, ३ वर सी, ५ वर डी, ७ वर ई, ८ वर एफ, १० वर जी. एवढं पाठ झालं की पुढच्या सगळ्या कॉर्डचं मूळ सापडतं. बाकीच्या चार तारा आत्ता पाठ करायची गरज नाही.

शेजारच्या दोन तारांमध्ये पाच पट्ट्यांचं अंतर असतं. अपवाद फक्त जी आणि बी यांचा, तिथे चारच. गिटारवरचे आकार मध्येच वाकडे का होतात याचं उत्तर या एका अपवादात आहे.

इथे एक सावधगिरी. ट्यूनर ए हा स्वर ४४० हर्ट्‌झ धरून चालतो. भजनी मंडळातली जुनी पेटी त्यापेक्षा चढी किंवा उतरलेली असू शकते. मंडळासोबत वाजवायचं असेल तेव्हा ट्यूनर खिशात ठेवा आणि पेटीच्या पांढरी ६ वर ए तार लावा, मग बाकीच्या तारा तिच्यावरून. पेटीचे स्वर हलवता येत नाहीत, गिटारचे येतात.

२. तीन स्वर निवडा

कॉर्ड म्हणजे एका वेळी वाजणारे किमान तीन वेगळे स्वर. सगळ्यांत साधी निवड अशी: सा, शुद्ध ग, प. ही मेजर कॉर्ड. ग कोमल केला की मायनर. सा आणि प जागा बदलत नाहीत, सगळा रंग गंधार, म्हणजे ग, ठरवतो.

पट्ट्या मोजून बघा. सा पासून शुद्ध ग चार पट्ट्या वर, तिथून प तीन पट्ट्या वर. मेजर म्हणजे ४ आणि ३. मायनरमध्ये उलट, ३ आणि ४. प दोन्हीकडे सा पासून सातव्या पट्टीवरच येतो. पेटीवर पांढरी १ ला सा धरून सी-ई-जी एकदम दाबा, मग ईच्या जागी काळी २ दाबा. कान लगेच सांगतो की काय बदललं.

हेच गिटारवर. ई मेजर धरा, जाड तारेपासून ०-२-२-१-०-० (आकडा म्हणजे त्या तारेवरचा फ्रेट, ० म्हणजे मोकळी तार). आता तिसऱ्या तारेवरचं, पहिल्या फ्रेटवरचं बोट उचला. ई मायनर झाली. सहा तारांपैकी एकाच तारेवर ग होता, तो एक पट्टी उतरून कोमल झाला. ए वरून ए मायनर, डी वरून डी मायनर करून बघा. दर वेळी एकच स्वर एकच फ्रेट मागे येतो. तक्त्यात हे दोन वेगळे आकार म्हणून छापलेले असतात, म्हणून नातं दिसत नाही.

३. हेच तीन स्वर तंबोऱ्यात ऐका

ही पायरी पुस्तकांत नसते. आपल्या भागात मात्र ती करता येते, आणि मला ती सगळ्यांत मोलाची वाटते.

मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सांगलीहून मिरज जवळच आहे. एखाद्या कारागिराच्या दुकानात नम्रपणे विचारून नीट लावलेल्या तंबोऱ्याजवळ थोडा वेळ बसा. मीरासाहेब दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीतसभा होते, तिथेही गायकामागचे तंबोरे ऐकता येतील. तारा असतात प, जोडीचे दोन सा आणि खर्ज, म्हणजे खालचा सा. गंधाराची तार कुठेच नाही. तरीही खर्ज सुटल्यावर वरून शुद्ध गंधार ऐकू येतो. जुनी माणसं त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

तो येतो कुठून? तार एकाच वेळी अनेक प्रकारांनी कंप पावते: पूर्ण लांबीने, निम्म्यात, तीन भागांत, चार भागांत, पाच भागांत. निम्म्यातून वरचा सा मिळतो, तीन भागांतून प, पाच भागांतून ग. म्हणजे सा, प आणि ग एका तारेतूनच निघतात. मेजर कॉर्ड कानाला स्थिर वाटते त्याचं मोठं कारण हे आहे.

गिटारवरही हे करून बघता येतं. सहाव्या तारेवर बाराव्या फ्रेटच्या धातूच्या पट्टीच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवा, दाबू नका. तार छेडून बोट लगेच उचला. घंटेसारखा सा येईल. सातव्या फ्रेटवर तसंच केलं की प. चौथ्या फ्रेटच्या पट्टीपासून किंचित मागे, हेडकडे, टेकवलं की ग. हा तिसरा स्वर मिळायला थोडे प्रयत्न लागतात, बोट केसभर मागेपुढे करत राहा.

तो सापडला की लगेच पहिल्या, म्हणजे बारीक तारेवर चौथा फ्रेट दाबून वाजवा. स्वर तोच, जी शार्प, म्हणजे काळी ४. पण दोन्ही एकत्र वाजवले तर आवाजात लाटा ऐकू येतात, सेकंदाला साधारण तीन. तारेतून आपोआप आलेला ग सुमारे ४१२ हर्ट्‌झचा आहे आणि फ्रेटवरचा ४१५.३ चा. गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले असतात, त्यामुळे तिचा ग तंबोऱ्याच्या गंधारापेक्षा चढा असतो. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर हा फरक १४ सेंटचा आहे. पंचमातला फरक फक्त २ सेंटचा, तो जवळजवळ कळत नाही.

तयार कानाच्या माणसाला हा चढा ग खटकतो आणि इथेच तो एका सापळ्यात अडकतो. जी मेजर गोड लागावी म्हणून तो बी तार जरा उतरवतो, कारण त्या कॉर्डमध्ये मोकळी बी हाच ग आहे. जी गोड होते. पण सी मेजरमध्ये त्याच तारेवर सा आहे, डी मेजरमध्येही सा आहे, ई मेजरमध्ये प आहे. तिन्ही बिघडतात. तारा ट्यूनरप्रमाणेच ठेवा. आजची बहुतेक पेटीही याच सारख्या अंतरांवर लावलेली असते, म्हणून पेटी आणि गिटार एकमेकींशी जमतात. तंबोऱ्यासोबत गिटार वाजवायची असेल तेव्हा ग कमी वापरा, सा आणि प वर राहा.

४. तक्त्यातली कॉर्ड वाचायला शिका

कॉर्डमध्ये स्वर तीनच, मग तारा पाच-सहा का वाजतात? कारण तेच स्वर वेगवेगळ्या सप्तकांत पुन्हा येतात. वहीत प्रत्येक कॉर्डखाली तारेगणिक स्वर लिहा. × म्हणजे ती तार छेडायची नाही.

- सी मेजर, ×-३-२-०-१-०: सा, ग, प, सा, ग
- जी मेजर, ३-२-०-०-०-३: सा, ग, प, सा, ग, सा
- ए मायनर, ×-०-२-२-१-०: सा, प, सा, कोमल ग, प
- डी मेजर, ×-×-०-२-३-२: सा, प, सा, ग
- ई मायनर, ०-२-२-०-०-०: सा, प, सा, कोमल ग, प, सा

उरलेल्या तुम्ही लिहा. सर्वांत खाली वाजणारा स्वर सा असेल तर कॉर्ड जमिनीवर उभी राहते. डी मेजरमध्ये सहावी तार छेडली तर खाली डीचा रे घुमतो आणि सगळं गढूळ होतं. सी मेजरमध्ये सहावी तार छेडली तर खाली ग येतो. ते चूक नाही, पण कॉर्ड जड वाटते. नवीन माणूस सहाही तारांवरून हात फिरवतो आणि आकार बरोबर असूनही आवाज का बिघडला हे त्याला उमगत नाही.

आता पेटीवाल्यांच्या सगळ्यांत मोठ्या गोंधळाविषयी. इथे थोडं थांबून वाचा.

वर मी सी मेजरमध्ये सीला सा म्हटलं आणि जी मेजरमध्ये जीला. पण गाणं पांढरी १ मध्ये चाललं असेल तर जी हा त्या गाण्याचा प आहे. म्हणजे दोन सा झाले, एक गाण्याचा आणि एक कॉर्डचा. गाण्याचा सा गाणं संपेपर्यंत हलत नाही. कॉर्डचा सा दर कॉर्डला बदलतो. पेटीवाल्याचं मन एका सा वर पक्कं बसलेलं असतं आणि तेच त्याचं बळ आहे, पण कॉर्डच्या बाबतीत तिथेच घोटाळा होतो. म्हणून यापुढे कॉर्डच्या आतल्या सा, ग, प ना आकडे द्या: १, ३, ५. सरगम फक्त गाण्यासाठी राखून ठेवा. पांढरी १ च्या गाण्यात जी मेजरचे १-३-५ म्हणजे गाण्याचे प, नी, रे. वहीत हे दोन वेगळ्या रंगांनी लिहिलं की डोकं शांत होतं.

५. एका गाण्यातल्या सात कॉर्ड काढा

शुद्ध स्वरांचं सप्तक, म्हणजे बिलावल थाट घ्या. प्रत्येक स्वरावरून सुरू करून एकाआड एक असे तीन स्वर उचला:

- सा ग प: मेजर
- रे म ध: मायनर
- ग प नी: मायनर
- म ध सा: मेजर
- प नी रे: मेजर
- ध सा ग: मायनर
- नी रे म: डिमिनिश्ड, यात अंतरं ३ आणि ३

हा क्रम कुठल्याही पट्टीत, म्हणजे कोणताही स्वर सा धरला तरी, बदलत नाही. पांढरी १ मध्ये सी, डी मायनर, ई मायनर, एफ, जी, ए मायनर, बी डिमिनिश्ड. पांढरी ५ मध्ये जी, ए मायनर, बी मायनर, सी, डी, ई मायनर, एफ शार्प डिमिनिश्ड. सातवी सुरुवातीला बाजूला ठेवली तरी अडत नाही. सा, म आणि प या तिघांवरच्या कॉर्डमध्ये मिळून सप्तकाचे सातही शुद्ध स्वर येतात, म्हणून अनेक साध्या चालींना या तीनच कॉर्ड पुरतात.

एफ आणि बी मायनर इथे आडव्या येतात. यांना घाबरून गाणं बदलू नका. एफ, १-३-३-२-१-१, ही ई मेजरच आहे, एक फ्रेट पुढे सरकवलेली. मोकळ्या तारांचं काम आडवं पडलेलं पहिलं बोट करतं. बी मायनर, ×-२-४-४-३-२, ही ए मायनर दोन फ्रेट पुढे. पहिल्या पायरीत दोन तारा पाठ करायला सांगितल्या त्या यासाठीच. ईचा आकार धरला की सहाव्या तारेवरचा स्वर कॉर्डचं नाव सांगतो, एचा आकार धरला की पाचव्या तारेवरचा. काळी ४ मेजर हवी? ईचा आकार चौथ्या फ्रेटवर. काळी १ मेजर? एचा आकार चौथ्या फ्रेटवर.

६. राग विचारा, मग कॉर्ड लावा

अभंग, भक्तिगीत, नाट्यपद यांना साथ करताना नुसती पट्टी विचारून भागत नाही. रागात जो स्वर वर्ज्य आहे तो तुमच्या कॉर्डमधून येत असेल तर गायकाच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं.

भूप घ्या: सा रे ग प ध. या पाच स्वरांत पूर्ण कॉर्ड दोनच बसतात, सा ग प ही मेजर आणि ध सा ग ही मायनर. पांढरी १ मध्ये सी आणि ए मायनर. सवयीने जी मेजर लावली की तिच्यातला नी येतो, एफ लावली की म येतो, आणि भूपात दोन्ही नाहीत.

दुर्गा: सा रे म प ध. इथे ग नाही, त्यामुळे सा वर मेजरही बसत नाही आणि मायनरही. बसतात त्या म ध सा ही मेजर आणि रे म ध ही मायनर. सा वर थांबायचं असेल तर ३ च्या जागी २ किंवा ४ घ्या, म्हणजे सा रे प किंवा सा म प. यांना सस टू आणि सस फोर म्हणतात.

मालकंसात तर प सुद्धा नाही: सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. म, कोमल ध, सा ही मायनर आणि कोमल ध, सा, कोमल ग ही मेजर, एवढ्याच दोन. पांढरी १ मध्ये एफ मायनर आणि काळी ४ मेजर. या रागात तंबोराही पंचमाऐवजी मध्यमावर लावतात.

भावगीत आणि चित्रपटगीतात संगीतकार मोकळीक घेतात, तिथे मूळ ध्वनिमुद्रणात काय आहे ते ऐकून ठरवा. पण रागाच्या अंगाने गाणाऱ्यामागे दोन स्वर कमी वाजलेले चालतील, एक परका स्वर चालणार नाही. माझं हे मत पक्कं आहे.

७. चौथा स्वर

मेजरवर कोमल नी ठेवला की सेव्हन कॉर्ड होते, शुद्ध नी ठेवला की मेजर सेव्हन, मायनरवर कोमल नी ठेवला की मायनर सेव्हन. यातली पहिली आधी शिका. जी सेव्हन, ३-२-०-०-०-१, सी मेजरच्या आधी वाजवा. तिच्यातला बी, म्हणजे गाण्याचा नी, वर सा कडे ओढ घेतो आणि एफ, म्हणजे गाण्याचा म, खाली ग वर उतरतो. म्हणून ओळ संपताना ती हवीशी वाटते.

सी सेव्हन, ×-३-२-३-१-०, वहीत लिहिताना ५ सापडणार नाही. तो खरंच त्या आकारात नाही. बोटं कमी पडली की ५ सोडतात, ३ आणि कोमल नी सोडत नाहीत, कारण कॉर्डची ओळख त्या दोघांत आहे.

८. गायकाची पट्टी आणि कॅपो

कॅपो एका फ्रेटवर लावला की सगळ्या कॉर्ड एक पट्टी चढतात, आकार तेच राहतात. गायकाच्या पट्टीपासून मागे मोजत या, सोपा आकार भेटला की थांबा. जितक्या पट्ट्या मागे आलात तितक्या फ्रेटवर कॅपो.

- काळी १: सीचे आकार, कॅपो १
- काळी २: सीचे आकार, कॅपो ३, किंवा डीचे आकार, कॅपो १
- काळी ३: डीचे आकार, कॅपो ४, किंवा ईचे आकार, कॅपो २
- काळी ४: जीचे आकार, कॅपो १
- काळी ५: जीचे आकार, कॅपो ३

कॅपो फ्रेटच्या पट्टीला लागून, पण तिच्या मागे बसवा, आणि बसवल्यावर तारा पुन्हा तपासा. त्याच्या दाबाने तारा किंचित चढतात, जाड तारा जास्त. मंडपात आवाजाची जुळणी सुरू होण्याआधीच गायकाला पट्टी आणि राग दोन्ही विचारून वहीत वरच्या ओळीत लिहा. पेटी वाजवणाऱ्या काकांनाही विचारा की पेटी ट्यूनरला जुळते का. जुळत नसेल तर कॅपो काढून आधी पेटीवर तारा लावा, कॅपो त्यानंतर.